कॉम्प्युटर ना पाडे छे

आमच्या बडोद्यात कुठल्याही खिडकीवर गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "काका, कॉम्प्युटर ना पाडे छे." बडोदेकरांना अर्थ सांगायची गरज नाही, पण या ग्रुपवर बेळगाव, ग्वाल्हेरपासून हैदराबादपर्यंतची मंडळी आहेत म्हणून सांगतो. ना पाडणं म्हणजे नकार देणं, नको म्हणणं. पूर्वी मुलीचा बाप स्थळाला ना पाडायचा, मालक उधारीला ना पाडायचा. आता कॉम्प्युटर ना पाडतो. इंदूरला मेहुण्याकडे गेलो की तिकडे ऐकू येतं, "सिस्टम ले नहीं रहा." म्हणजे इकडचा कॉम्प्युटर नाही म्हणतो आणि तिकडचा खात नाही. खिडकीच्या अलीकडचा माणूस दोन्हीकडे हात हलवत घरी जातो.

माझी तक्रार कॉम्प्युटरबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तक्रार या वाक्याबद्दल आहे. माणसाने नाही म्हटलं तर आपण विचारू शकतो, का नाही? कुठल्या नियमाने? साहेब कोण? यंत्राचं नाव पुढे केलं की हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात बाद होतात. खिडकीमागचा मुलगा वाईट नसतो, तो बिचारा पडद्यावर दिसतं ते सांगतो. पण नकार कोणाचा, हे कोणालाच माहीत नसतं.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा बी.कॉम. आणि नंतर ३८ वर्षं बँकेत. त्यातली निम्मी वर्षं जाड खतावण्यांवर, निम्मी पडद्यासमोर. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

तरुण मंडळींना खतावण्यांचं बॅलन्सिंग काय असायचं याची कल्पना नसेल. बचत खात्यांच्या प्रत्येक खतावणीतल्या शिलका उतरवून काढायच्या, बेरीज करायची, आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळायची नाही. मग रात्री आठ-नऊपर्यंत फरक शोधणं. आमचे एक हेड कॅशियर होते, ते फरक ऐकला की पहिल्यांदा त्याला ९ ने भागायचे. भाग गेला तर समजायचं की कोणीतरी अंक उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत. मग फरकाचा निम्मा आकडा शोधायचा, म्हणजे जमेची नोंद नावे पडलीय का ते कळतं. हे आमचं ट्रबलशूटिंग. शब्द नंतर आला, धंदा जुनाच. आणि त्या धंद्याचा एक अलिखित नियम होता. फरक आला म्हणजे चोरी झाली, असं कोणी म्हणायचं नाही. आधी नोंदी तपासायच्या, मग बेरजा, मग व्हाउचरं, आणि हे सगळं संपल्यावर माणसाकडे बघायचं. त्या क्रमाने शेकड्यांनी फरक सापडलेले मी पाहिलेत, आणि चोर एकदाच.

१९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर हळूहळू शाखांत लेजर पोस्टिंगची मशीनं येऊ लागली. आमच्याकडे आली तेव्हा छातीवर काळे बिल्ले लावून आम्ही काम केलं. नोकऱ्या जातील ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण मशीन आल्यावरही कित्येक महिने हाताची खतावणी बंद केली नाही. दोन्ही समांतर चालायची. रोज संध्याकाळी मशीनचा आकडा हाताच्या आकड्याशी ताडून बघायचा. फरक आला तर मशीनची बाजू आधी तपासायची, कारण नवीन उमेदवार ते होतं! आणि रोजच्या कागदावर सही अधिकाऱ्याची. मशीनची सही कोणी चालवून घेतली नसती.

पुढे कोअर बँकिंग आलं आणि खतावणी शाखेतून उठून शेकडो मैल दूरच्या एका थंड खोलीत गेली. सोय प्रचंड झाली, बडोद्याचा चेक बेळगावला वटतो, पैसे क्षणात जातात. मी स्वतः सगळी बिलं फोनवरून भरतो. पण एक गोष्ट हातातून सुटली. काउंटरवरच्या माणसाला आता फरक शोधता येत नाही. त्याला पडदा दिसतो, पडद्यामागचं दिसत नाही. आणि ज्याला तपासता येत नाही तो विश्वास ठेवतो, दुसरा इलाज काय?

निवृत्तीनंतर सोसायटीत मी कॉम्प्युटरचा वैद्य झालो आहे. प्रिंटर छापत नाही, वायफाय दिसत नाही, मोबाईल भरला, सगळे येतात. माझी फी एक कप चहा आणि एक अट. पडद्यावर जे अक्षर आलं ते जसंच्या तसं लिहून आणायचं. "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं" हे चालणार नाही. डॉक्टरकडे जाऊन "कुठेतरी दुखतंय" म्हणण्यासारखं आहे ते.

या अटीचा उपयोग कसा होतो ते सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक वहिनी आहेत, वय ७९. यजमान सरकारी नोकरीत होते, त्यांच्या मागे यांना फॅमिली पेन्शन. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. मागच्या खेपेला अंगठा लागेना. एकदा, दोनदा, पाच वेळा. खिडकीवर ऐकलं, ना पाडे छे. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, त्यातून जन्मभर भांडी घासलेली, पोळ्या लाटलेल्या. तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की रेषा गेल्या. शेजारणींनी उपाय सांगितले, कोमट पाण्यात हात धुवा, तेलाचं बोट लावा. वहिनींनी सगळं केलं. पेन्शन डिसेंबरपासून बंद झाली ती तीन महिने. वहिनी कोणापुढे हात पसरणाऱ्या नाहीत. दूध अर्ध्या लिटरवर आणलं, तेव्हा माझ्या बायकोच्या लक्षात आलं.

मी सोबत गेलो आणि त्या मुलाला म्हटलं, बेटा, पडद्यावर काय आलंय ते वाच. म्हणाला, "काका, मॅच नथी थतुं." म्हटलं, तुझा अर्थ नको, अक्षरं वाच. मग त्याने आकडा वाचला, ३३०. आता आधारच्या पडताळणीत बोट जुळलं नाही तर ३०० येतो. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे, खातेदाराने स्वतः कुलूप घातलंय. झालं होतं असं, की बनावट ठसे करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या बातम्या वाचून पुण्याच्या मुलाने आईच्या काळजीपोटी फोनवरून कुलूप लावून दिलं होतं आणि तो विसरला होता. वहिनींच्या रेषा शाबूत होत्या! मुलाला फोन केला, कुलूप काढलं, अंगठा पहिल्या फटक्यात लागला. थकबाकी पुढच्या महिन्यात जमा झाली.

यात दोन गोष्टी मला खटकल्या. एक, यंत्राने खरं कारण पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, वाचलं कोणीच नाही. म्हणजे बिचारा कॉम्प्युटर ना पाडतच नव्हता, तो म्हणत होता कुलूप काढा. आणि दुसरी जास्त गंभीर. अंगठ्याचा दाखला ही २०१४ साली पेन्शनरांच्या सोयीसाठी आणलेली जादा सुविधा आहे. कागदावर सही करून समक्ष दाखला देण्याची जुनी वाट बंद झालेली नाही. वहिनी जिवंत, समोर उभ्या, नाव-गाव सांगताहेत, आणि त्यांना परत पाठवलं गेलं. खिडकीवरच्या माणसाने डोळ्यांनी बघितलं ते खोटं आणि पडद्यावरचं खरं, हा क्रम कोणी लावला?

हे वाचून कोणी म्हणेल, काका, तुम्ही राईचा पर्वत करताय. म्हणून थोडं इंग्लंडला जाऊ या. तिथली पोस्टाची हकीकत मी गेली दोन वर्षं मिळेल तिथे वाचतोय, आणि बँकवाल्याने तर ती वाचलीच पाहिजे.

तिकडे गावोगावची पोस्टं बहुतेक दुकानदार चालवतात. किराणा एका बाजूला, पोस्टाची खिडकी दुसऱ्या बाजूला. त्यांना सबपोस्टमास्टर म्हणतात. यात आपल्याकडून गेलेली माणसंही बरीच, आणि गुजराती विशेष. १९९९ पासून या सगळ्या पोस्टांत होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली बसवली, बनवणारी कंपनी फुजित्सूच्या मालकीची. थोड्याच दिवसांत हिशोबात तूट दिसायला लागली. हँपशायरमधल्या एका गावच्या जो हॅमिल्टन बाई मदतीच्या फोनवर सांगतात तसं बटण दाबत होत्या आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. करारात असं होतं की तूट आली तर पोस्टमास्टरने भरायची. लोकांनी दागिने मोडले, घरं गहाण टाकली. फोनवर विचारलं तर प्रत्येकाला उत्तर मिळायचं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.

मग खटले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसं चोरी, अफरातफर, खोटे हिशोब या गुन्ह्यांखाली दोषी ठरली. सीमा मिश्रा ही भारतीय वंशाची बाई, सरे परगण्यात पोस्ट चालवायची. २०१० साली तिला १५ महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा ती गरोदर होती, आणि तो दिवस तिच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा. ऑक्सफर्डजवळच्या विपीन पटेल यांना २०११ मध्ये दोषी ठरवलं. २०२० च्या डिसेंबरात त्यांची शिक्षा रद्द झाली, सीमाबाईंची २०२१ च्या एप्रिलमध्ये. चौकशी आयोगाच्या २०२५ च्या अहवालात नोंद आहे की या प्रकरणापायी किमान १३ जणांनी जीव दिला असावा.

आणि मूळ कारण? सॉफ्टवेअरमधल्या चुका. शिवाय कंपनीचे लोक दूर बसून पोस्टाच्या हिशोबात शिरू शकत होते, तेही बराच काळ नाकारलं गेलं. २०१९ साली ५५५ पोस्टमास्टरांच्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी पोस्टाच्या हट्टाची तुलना पृथ्वी सपाट आहे म्हणण्याशी केली. त्या दाव्याचा म्होरक्या ॲलन बेट्स, वेल्समधल्या एका किनाऱ्यावरच्या गावचा पोस्टमास्टर. त्याला २००३ मध्येच काढून टाकलं होतं, कारण तो पहिल्यापासून म्हणत होता, मला माझ्या नोंदी दाखवा, मी तपासतो. अहो, आमच्या हेड कॅशियरने दुसरं काय केलं असतं?

राजकारणाचा भाग ऐका. ते पोस्ट सरकारच्याच मालकीचं. या वर्षांत तिथे तिन्ही मोठ्या पक्षांचे मंत्री येऊन गेले आणि प्रत्येकाने खात्याने लिहून दिलेलं उत्तर वाचलं. न्यायमूर्तींचा निकाल २०१९ चा, पण देश हलला तो २०२४ च्या जानेवारीत, टीव्हीवर मालिका लागल्यावर! चार रात्री लोकांनी बघितली आणि मे महिन्यात पार्लमेंटने कायदाच करून सरसकट शिक्षा रद्द केल्या. कोर्टाने दिलेल्या शिक्षा कायद्याने पुसायच्या, म्हणजे किती मोठी गोष्ट.

याच्या शेजारी दोन वेगळ्या बातम्या ठेवतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सिटीबँकेला एका कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलरचं व्याज वाटायचं होतं. गेले सुमारे ९० कोटी डॉलर. तीन माणसांनी तपासून मंजूर केलेला व्यवहार. पडद्यावरच्या कुठल्या चौकोनात खूण करायची याचा घोळ. (ते सॉफ्टवेअर फ्लेक्सक्यूब, मूळ आपल्या देशात घडलेलं. अभिमान वाटावा की नाही, ठरवता येत नाही.) निम्म्याहून अधिक पैसे परत मिळवायला बँकेला कोर्टात जावं लागलं आणि २०२२ मध्ये अपिलात ती जिंकली. आणि १९ जुलै २०२४ चा तो निळा पडदा तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक कंपनीने एक सदोष फाईल पाठवली आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बसली. हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो फिरत होते. इलाज म्हणजे मशीन सेफ मोडमध्ये उघडायचं आणि ती फाईल पुसायची, एकेक मशीन गाठून. मला तर मजा वाटली, कारण सोसायटीत मी हेच करतो.

पण बघा ना. विमान कंपनीची मशीनं बंद पडली तेव्हा सगळे म्हणाले, सॉफ्टवेअरची चूक. ९० कोटी डॉलर गेले तेव्हा म्हणाले, पडदा किचकट होता. खेड्यातल्या दुकानदाराच्या हिशोबात काही हजार पौंड कमी पडले तेव्हा मात्र कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चोर. आणि म्हातारीचा अंगठा लागला नाही तर तिच्या बोटात दोष. यंत्र खरं की खोटं, हे यंत्रावरून ठरतच नाही, समोर कोण उभं आहे त्यावरून ठरतं. माझा राग आहे तो इथे.

आपला कायदा या बाबतीत वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट आहे. २००० साली त्यात कलम २अ घातलं. कोर्टात खात्याचा छापील उतारा द्यायचा तर मॅनेजरचं प्रमाणपत्र लागतं आणि शिवाय कॉम्प्युटरच्या प्रमुखाने लिहून द्यावं लागतं की त्या काळात प्रणाली नीट चालू होती, तिच्यात कोणी लुडबूड करू नये म्हणून काय व्यवस्था आहे. मी अशी प्रमाणपत्रं सही करून दिली आहेत आणि प्रत्येक वेळी पेन उचलताना जरा थांबलो आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमातही कलम ६३ खाली प्रमाणपत्र आहेच. इंग्लंडमध्ये अशीच अट होती, १९८४ च्या कायद्यात. कटकट नको म्हणून १९९९ मध्ये ती काढून टाकली, आणि नेमकी त्याच सुमाराला होरायझन आली. तेव्हापासून तिकडे कॉम्प्युटर बरोबरच आहे असं धरून चालायचं, चूक असेल तर आरोपीने दाखवायची. आरोपीला पडद्यामागे जायची बंदी असताना!

म्हणजे कोर्टात आपल्याकडे यंत्रासाठी माणसाची सही लागते. मग खिडकीवर का नको? कोर्टापर्यंत जाणारा हजारात एक. बाकीचे नऊशे नव्याण्णव खिडकीवरूनच परत फिरतात.

आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींचा तर वेगळाच घोळ. इथे कागदोपत्री नावाला भाई आणि बेन चिकटतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासबुकात बेन, आधारवर बेन नाही, पॅनवर मधलं नाव फक्त आद्याक्षर. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे. कॉम्प्युटरला त्या चार दिसतात. मतदार यादीच्या फेरतपासणीत २००२ ची यादी उघडून नाव शोधायला बसलो तेव्हा आमच्या घरातच एका नावाची तीन रूपं निघाली. बेळगावच्या मंडळींचं मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाऊन परत येतं, त्यांनी यावर लिहावं, माझ्यापेक्षा जास्त किस्से त्यांच्याकडे असतील.

माझी मागणी फार नाही. मशीनने नकार दिला की त्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी द्या. त्यावर तारीख, पडद्यावर आलेला आकडा जसाच्या तसा, आणि हा नकार बदलण्याचा अधिकार कोणाला आहे त्या अधिकाऱ्याचं पद. एवढंच. यासाठी ना नवीन सर्व्हर लागतो ना कोटींचं टेंडर. एटीएमला पैसे नाही मिळाले तरी चिठ्ठी निघते. मला तरी अजून एकाही पक्षाच्या उमेदवाराने प्रचारात सांगितलेलं आठवत नाही की कॉम्प्युटर चुकला तर अमुक साहेबांना भेटा. सगळे डिजिटलचं श्रेय घेतात, आणि घ्यावं, पण उलट बाजूचा धनी कोणीतरी व्हा की. महानगरपालिकेचे उमेदवार मत मागायला सोसायटीत आले की मी हा प्रश्न विचारतो. गेल्या वेळी एक जण हसला आणि म्हणाला, "काका, एमां अमे शुं करी शकीए?" आम्ही त्यात काय करणार. म्हटलं, तुम्हीसुद्धा ना पाडता म्हणायचं.

असो. ज्यांची ऐंशी पूर्ण झाली आहेत त्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टाळा. बोट लागत नसेल तर चेहऱ्यावरून पडताळणीची सोय २०२१ पासून आहे, ती मागा. तीही जमली नाही तर कागदी दाखला मागा आणि तो घ्यायला नकार मिळाला तर नकार लेखी मागा. मुलांनी आधारला कुलूप लावलंय का ते आधी फोन करून विचारा. आणि वही-पेन सोबत न्या, आकडा लिहून आणायला. आमच्या भागातल्या कोणाला अडचण आली तर रविवारी सकाळी दहानंतर माझ्याकडे या. चहा तुम्ही पाजायचा.